यंत्र जरूर घ्या, पण आधी डोळे तपासा

गिरगाव, लालबाग, परळ, दादर या पट्ट्यातील आपल्या कारागीर बंधूंना आता एका नव्या यंत्राची भुरळ पडू लागली आहे. संगणकावरच्या आकृतीवरून प्लास्टिकची वस्तू थरावर थर चढवीत तयार करणारे हे यंत्र थ्री-डी प्रिंटर या नावाने ओळखले जाते. वीस-पंचवीस हजारांपासून ते मिळू शकते. बक्कल, मूठ, साचा, दागिन्याचा नमुना, यंत्राचा तुटलेला दाता, असे पुष्कळ काही त्यातून निघते. ते घेण्यामागे चाळिशी-पन्नाशीच्या कारागिराच्या मनात बहुधा एक न बोललेले कारण असते. बारीक काम पूर्वीसारखे दिसत नाही. हात थकलेला नाही, कसब गेलेले नाही, पण नजर साथ देत नाही. तेव्हा यंत्रच बारीक काम करील, असा हिशेब मांडला जातो.

या यंत्राला आमचा विरोध नाही. जो समाज नवे औजार शिकत नाही तो बाजारातून बाहेर फेकला जातो, हे १९८२ च्या संपानंतर ज्या गिरणगावाने पाहिले त्याला निराळे सांगायला नको. पण दोन गोष्टी न समजता भांडवल घालणे म्हणजे डोळे मिटून विहिरीत उतरणे होय. एक, या छापील प्लास्टिकचे बळ नेमके किती आणि कोणत्या दिशेला. दुसरी, ज्या डोळ्यांच्या भरवशावर आजवर रोटी मिळाली त्यांचे काय करायचे.

खारी बिस्किटाचा न्याय

यंत्राचे काम समजायला सोपे आहे. पावणेदोन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची तार तापलेल्या तोटीतून जाते. तोटीचे भोक साधारणपणे ०.४ मिलिमीटर असते. वितळलेले प्लास्टिक एका थरात पसरते, मग त्यावर दुसरा थर. थराची जाडी बहुधा ०.२ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे दोन सेंटिमीटर उंचीची वस्तू म्हणजे शंभर थरांची गड्डी. ही रीत अमेरिकेतील स्कॉट क्रम्प यांनी शोधली. त्यांना १९९२ मध्ये पेटंट मिळाले आणि २००९ मध्ये त्याची मुदत संपल्यावर स्वस्त यंत्रांचा मार्ग मोकळा झाला.

आता बळाचे पाहू. साच्यात ओतलेली वस्तू सगळीकडून जवळपास सारखीच भक्कम असते. छापलेली तशी नसते. तोटी ज्या दिशेने फिरली त्या दिशेला ताण दिला तर ती चांगला तग धरते. पण थर एकमेकांपासून सुटतील असा ताण दिला तर बरीच लवकर तुटते. कारण खालचा थर थोडा निवल्यावर वरचा त्याला चिकटतो. ती चिकट कधीच अखंड प्लास्टिकइतकी होत नाही. बेकरीतली खारी हातात घेऊन पाहावी. आडवी धरून मोडायला थोडा तरी जोर लागतो, पापुद्रे मात्र बोटाने सुटतात. सुतारबंधूंना हे वेगळे सांगायला नको. लाकूड रेषेच्या दिशेने फाटते, म्हणूनच प्लायवूडमध्ये एक थर उभा आणि दुसरा आडवा घालतात.

दुकानदार यावर उत्तर देतो की, "मग कार्बन फायबरची तार घ्या, पोलादासारखी मजबूत." या वाक्यात अर्धे सत्य आहे, आणि धंद्यात अर्धे सत्य फार महाग पडते. अशा तारेत कार्बनचे किंवा काचेचे अगदी आखूड धागे मिसळलेले असतात, मिलिमीटरच्या काही अंशाएवढे. तोटीतून बाहेर पडताना हे धागे तोटीच्या वाटेने आडवे झोपतात. त्यामुळे वस्तू त्या दिशेला ताठ होते, कमी वाकते, तापल्यावर आकार जास्त टिकवते. पण एका थरातून दुसऱ्या थरात शिरणारा धागा जवळपास नसतोच. तेथे सगळा भार नुसत्या प्लास्टिकवर. म्हणजे ज्या ठिकाणी वस्तू मुळातच कमजोर, त्या ठिकाणी धाग्याचा उपयोग सर्वांत कमी, आणि काही वेळा चिकट उलट कमी होते. सलग लांब धागा घालणारी यंत्रे २०१४ पासून बाजारात आहेत आणि त्यांची वस्तू खरोखर फार बळकट होते. पण ती यंत्रे निराळी, त्यांची किंमत निराळी, आणि तेथेही धागा असतो तो थराच्या सपाटीत.

मुंबईची हवा हाही एक मोठा मुद्दा आहे. नायलॉनची तार हवेतले पाणी शोषते. पावसाळ्यात उघडी ठेवलेली रीळ काही दिवसांत इतकी ओलावते की छापताना तोटीत फटफट आवाज येतो, बुडबुडे होतात आणि थर पोकळ राहतात. बाहेरून वस्तू ठीक दिसते. पीएलए नावाचे स्वस्त प्लास्टिक छापायला सोपे खरे, पण साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवलेली पीएलएची वस्तू वाकडी होते ती यामुळेच. शिवाय प्लास्टिकवर सतत वजन टांगून ठेवले तर ते आज तुटत नाही, पण महिन्यामहिन्याने लांबत जाते.

म्हणून काही नियम पाळावेत. वस्तू यंत्रात अशी आडवी-उभी ठेवावी की वापरातला ताण थरांच्या सपाटीत येईल. आतली जाळी दाट करण्यापेक्षा बाहेरच्या भिंती तीन-चार पदरी कराव्यात. तेवढ्याच प्लास्टिकात बहुधा जास्त बळ मिळते. आतले कोपरे टोकदार न ठेवता गोल करावेत, कारण चीर तेथूनच सुरू होते. तार कोरड्या बंद डब्यात ठेवावी, नायलॉन वापरण्याआधी सुकवावे. धागामिश्रित तार पितळी तोटी झिजवते, त्यासाठी कडक पोलादी तोटी लावावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गिऱ्हाइकाला माल देण्यापूर्वी त्याच मालाचे पाच-सहा तुकडे, काही आडवे व काही उभे छापून, आकड्याला वजन टांगून स्वतः तोडून पाहावेत. ज्या वजनाला सर्वांत कमजोर तुकडा तुटला त्याच्या चौथाईपेक्षा जास्त भार कागदावर लिहून देऊ नये. तुकडे तोडण्यात जाणारी तार म्हणजे नुकसान समजू नका, तो धंद्याचा विमा आहे.

ज्याच्यावर माणसाचा जीव टांगला आहे अशी वस्तू, मग ती शिडीचा सांधा असो, वजन उचलायचा आकडा असो, दुचाकीच्या ब्रेकचा भाग असो की मुलाच्या आसनाचा पट्टा, या छोट्या यंत्रावर छापून विकूच नये. उलट झवेरी बाजारातील ओतकामाचे नमुने, चामड्याच्या बॅगा कापायचे फर्मे, शिवणकामाचे साचे, ड्रिल धरायचे ठोकळे, मूर्तिकारांना लागणारे छोटे नमुने, यांत या यंत्राचा हात कोणी धरू शकत नाही. तेथे बळापेक्षा आकाराला मोल आहे.

धान्याच्या राशीतला ओलावा

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे, तो आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम बाजारातून जाताना एका व्यापाऱ्याच्या धान्याच्या राशीत हात घालतात. वरचे धान्य कोरडे, आतले ओले. पावसाने भिजले, असे व्यापारी सांगतो. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हा त्याला विचारलेला सवाल आजच्या प्रत्येक दुकानदारासाठी आहे.

छापलेले प्लास्टिक हे अगदी त्या राशीसारखे आहे. बाहेरून गुळगुळीत, आत जाळी किती, तार ओली होती की कोरडी, थर कोणत्या दिशेला, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते फक्त बनवणाऱ्याला ठाऊक असते. मालाचा ऐब सांगून विकणे हा आपल्याकडे केवळ चांगुलपणा नाही, व्यापाराची अट आहे. तेव्हा बिलावर तीन गोष्टी लिहाव्यात: प्लास्टिक कोणते, भार कोणत्या दिशेला चालेल, आणि किती उष्णतेपर्यंत. शेजारचा लिहीत नाही म्हणून आपण लिहू नये, हे बरोबर नाही. पहिल्या वर्षी दोन गिऱ्हाइके कमी होतील, तिसऱ्या वर्षी तीच परत येतील, असे आमचे मत आहे.

पहिले औजार

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. यंत्राने डोळ्यांची गरज संपते हा समज चुकीचा आहे. पहिला थर नीट चिकटला की नाही, कुठे बारीक फट राहिली, कडेला केसाएवढी चीर आहे का, हे जवळून पाहावेच लागते. ज्याला सुईत दोरा दिसत नाही त्याला थरातली फटही दिसणार नाही. म्हणजे नजर गेली म्हणून यंत्र आणले, आणि नजर नाही म्हणून यंत्राचा माल खराब निघाला, असा उलटा फेरा होतो.

चाळिशीनंतर जवळचे धूसर होणे हा आजार नव्हे. डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठ होते, जवळच्या वस्तूसाठी पूर्वीसारखे फुगत नाही. त्याला उपाय चष्मा, आणि तो काहीशे रुपयांत मिळतो. चष्मा लावल्याने डोळे आणखी बिघडतात किंवा बारीक कामाने मोतीबिंदू होतो, या दोन्ही समजुती निराधार आहेत. उलट चष्म्याचा धंद्याशी केवढा संबंध आहे हे पाहण्यासारखे आहे. आसामच्या चहामळ्यातील चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर एक चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांच्या पाने खुडण्यात, न दिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्के जादा वाढ झाली. बांगलादेशात शिवणकाम, विणकाम व असल्या हातकामांच्या लोकांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२४ मध्ये आला. तेथे चष्मा मिळालेल्यांची कमाई आठ महिन्यांत सुमारे ३३ टक्क्यांनी जास्त दिसली. पंचवीस हजारांचे कोणते यंत्र इतक्या थोड्या खर्चात एवढी वाढ देते, ते दुकानदारांनीच सांगावे.

चार चोर

चष्म्याने न भागणारे वयाचे आजार मुख्यतः चार. पहिला मोतीबिंदू. डोळ्यातले भिंग गढूळ होते, दिव्याभोवती वलय दिसते, रंग फिके वाटतात. आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. म्हणजे तीनांतील दोघांचे आंधळेपण बरे होण्यासारखे होते. मोतीबिंदू "पिकू द्यावा" ही जुनी समजूत आता सोडावी. कामात अडचण येऊ लागली की डॉक्टरांचा सल्ला घेऊन शस्त्रक्रिया करावी. फार पिकलेला मोतीबिंदू काढणेच जास्त अवघड असते.

दुसरा काचबिंदू. हा खरा चोर. बहुधा दुखत नाही, समोरचे स्पष्ट दिसते, आणि कडेची नजर हळूहळू जाते. गेलेली नजर परत येत नाही, औषधाने उरलेली मात्र राखता येते. घरात कोणाला काचबिंदू असेल तर भावाबहिणींनी, मुलांनी तपासणी करून घेणे आवश्यक आहे. तिसरा मधुमेहाचा पडद्यावर होणारा परिणाम. साखर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासावा, मग दिसायला कितीही स्वच्छ असो. चौथा पडद्याच्या मध्यभागाची झीज. यात सरळ रेषा वाकड्या दिसतात. घरच्या घरी खूण पाहता येते. एक डोळा झाकून दाराची चौकट किंवा फरशीच्या रेषा पाहाव्यात, मग दुसरा झाकून. रेषा लाटेसारखी दिसली किंवा मध्येच काळा डाग वाटला तर उशीर करू नये. डोळ्यात अचानक विजा चमकल्या, माशा उडाल्या किंवा पडदा उतरल्यासारखे झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रतिबंधाचे काय? वय कोणाला थांबवता येत नाही, आणि तसे सांगणारा माणूस काहीतरी विकायला आला आहे असे समजावे. पण जे हातात आहे तेही थोडे नाही. विडी-सिगारेट सोडावी. तिने मोतीबिंदू आणि पडद्याची झीज या दोन्हींचा धोका वाढतो. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवावा. उन्हात फिरतीचे काम असेल तर अतिनील किरण रोखणारा चष्मा आणि टोपी वापरावी. हिरव्या पालेभाज्या आणि मासळी खावी, ती आपल्या कोकणी घरांत नवी नाही. घासकाम, ड्रिल, कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकची घासाई करताना पॉलिकार्बोनेटचा गॉगल आणि तोंडावर मास्क लावावा. राळ वापरणाऱ्या छपाईयंत्राच्या जांभळ्या प्रकाशाकडे टक लावून पाहू नये.

"डोळ्यांच्या गोळ्या" बाजारात खूप विकल्या जातात. अमेरिकेत झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २००१ आणि २०१३ मध्ये आले. ठरावीक प्रमाणात जीवनसत्त्वे आणि जस्त घेतल्याने, ज्यांना मध्यम टप्प्याची पडद्याची झीज आधीच आहे त्यांच्यात ती पुढे जाण्याचा धोका सुमारे चौथाईने कमी झाला. ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांना रोग होऊ नये यासाठी या गोळ्या उपयोगी असल्याचे दिसले नाही, आणि मोतीबिंदूही त्याने थांबला नाही. शिवाय बीटा-कॅरोटीन असलेली गोळी धूम्रपान करणाऱ्यांना फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याची आहे. म्हणून सल्ल्याशिवाय पैसा घालवू नये. त्याहून वाईट सवय म्हणजे डोळा लाल झाला की औषधाच्या दुकानातून मागच्या वेळचीच बाटली आणणे. त्यात स्टिरॉइड असेल आणि ते महिनोन् महिने घातले तर त्यानेच काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

रमजानमध्ये काचबिंदूचे थेंब बंद करणारे पुष्कळ असतात. शाफई आणि हनफी मतांप्रमाणे डोळ्यात थेंब घातल्याने रोजा तुटत नाही. ज्यांना तरीही शंका वाटते त्यांनी डॉक्टरांना विचारून सहरी आणि इफ्तारनंतरच्या वेळा ठरवून घ्याव्यात आणि आपल्या आलिमांशी बोलावे. थेंब सोडून देणे हा मार्ग नाही.

ताब्यात घेतलेले प्लास्टिक

प्लास्टिक आणि डोळा यांचे नाते एका ठिकाणी फार सुंदर जुळले आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या ॲक्रिलिक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले, पण डोळ्याने ते सहन केले. हे हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रतज्ज्ञाने पाहिले. १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याने त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवले. त्याला पुष्कळ विरोध झाला. पुढे तीच रीत जगभर मान्य झाली. भारतात मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून हे भिंग येथेच बनवून त्याची किंमत गरिबाच्या आवाक्यात आणली. प्लास्टिक डोळ्याच्या आतसुद्धा माणसाला आयुष्यभर साथ देते, कारण तेथे त्याची शुद्धता, आकार आणि बळ यांतील प्रत्येक गोष्ट मोजून घेतलेली असते. आपण बक्कल बनवताना त्याचा शतांश तरी काटेकोरपणा ठेवावा, एवढेच मागणे आहे.

आपल्याला तर हा वारसा नवा नाही. इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या आरंभी प्रकाश आणि दृष्टी यांवर किताब अल-मनाझिर लिहिला. त्यांच्याच काळातील अम्मार अल-मौसिली हे पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढीत. त्यांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या समाजातील रफूगार, जरीकाम करणारी भगिनी किंवा घड्याळदुरुस्त करणारा चाचा चष्म्याअभावी कामावरून उठावा, हे शोभत नाही.

जमातीने काय करावे

तपासणीसाठी लांब जायला नको. परळला जेरबाई वाडिया मार्गावर खान बहादूर हाजी बचूअली यांच्या नावाचे धर्मादाय नेत्र रुग्णालय आहे, जवळच महापालिकेचे के. ई. एम. आहे, भायखळ्याला जे. जे. रुग्णालयाच्या आवारात सर कावसजी जहांगीर नेत्र रुग्णालय आहे. आमची सूचना अशी की, प्रत्येक मोहल्ल्याच्या जमातीने आणि व्यापारी मंडळाने वर्षातून एकदा अशा एखाद्या रुग्णालयाला विनंती करून चाळिशीपुढच्या सर्वांची तपासणी घडवून आणावी. त्यात घरी बसून मणी ओवणाऱ्या, भरतकाम करणाऱ्या भगिनींची नावे आधी लिहावीत, कारण घरात तपासणीची पाळी त्यांच्यावर सर्वांत शेवटी येते. गरजू कारागिराचा चष्मा किंवा भिंगाचा खर्च मदतनिधीतून द्यावा. ज्याला पुन्हा दिसू लागते तो पुढच्या वर्षी मदत मागायला येत नाही, स्वतः देऊ लागतो.

तसेच यंत्राबद्दल. दहा जणांनी दहा यंत्रे घेऊन प्रत्येकाने चुका करण्यापेक्षा चार-पाच दुकानदारांनी मिळून एक यंत्र घ्यावे. तुकडे तोडून मोजायचे असतील तर अभियांत्रिकी महाविद्यालयांत ताण मोजण्याचे यंत्र असते. अंजुमन-ए-इस्लामचे भायखळ्याचे साबू सिद्दीक महाविद्यालय आणि माटुंग्याचे व्हीजेटीआय आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. तेथे जाऊन विचारणा करावी, आपल्याच मुलांना तो प्रकल्प म्हणून करू द्यावा.

यंत्राच्या हप्त्याचा विचार करण्याआधी या आठवड्यात एक सकाळ डोळ्यांसाठी काढावी, असे आमचे प्रत्येक कारागीर बंधूला सांगणे आहे. नजर ठीक असेल तर यंत्राचा निर्णय शांतपणे घेता येईल. नजर कमी आहे असे निघाले तर निदान हे तरी कळेल की कमी काय पडत होते. कदाचित यंत्राची गरजच नव्हती, नुसत्या चष्म्याची होती, असेही निघेल.